घोडीवरचा आळ

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

राजुरी,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांना आणि आत्यांना पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोनवर तुम्हाला नुसती घुरघुर ऐकू येते, म्हणून हा कागद. खरं सांगायचं तर तुम्हाला नीट ऐकू येत असतं तरी मी फोन केला नसता. तीन वर्षं झाली, तुमच्याशी मी सरळ एक शब्द बोललेली नाही. सासऱ्यांना निरोप सांगायचा तर तो यांच्या तोंडून, अशी माझी तऱ्हा.

इकडे सगळं ठीक. यांचा टेम्पो कांद्याच्या गोण्या घेऊन दिवसाआड आळेफाट्याला असतो. तुमची नात आठ वर्षांची झाली, दुसरीत आहे. सकाळी उठल्यावर आधी तिचे पाय मोकळे करायचे. एकेक पाय हळूहळू बाजूला न्यायचा आणि ढिला पडेपर्यंत धरून ठेवायचा. घाई केली की उलट जास्तच ताठतो. मग पायांना प्लास्टिकचे स्प्लिंट, त्यावर बूट, आणि सुताराकडून करून घेतलेल्या चौकटीत अर्धा तास उभं राहणं. तेव्हा ती पाढे म्हणते. जेवते आपल्या हातानं. चमच्याचा दांडा यांनी सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केलाय, त्यावर तिची मूठ बसते. अर्धा वरणभात फ्रॉकवर सांडतो, पण मी भरवायला गेले की तोंड फिरवते. हट्टीपणा कुणाचा घेतलाय ते मी लिहीत नाही, आत्यांना माहीत आहे.

पत्राला कारण असं की, नारायणगावला दर मंगळवारी सृष्टीचा व्यायाम घेणाऱ्या अश्विनी मॅडमनी एक विचारलंय. सृष्टी घोडीवर कितव्या वर्षापासून बसत होती, दिवसाला किती वेळ, आणि कशी बसायची? हे मला नीट सांगता आलं नाही. मेंढरांचा वाडा एका रानातून दुसऱ्या रानात हलायचा तेव्हा मी कोंबड्या-करडांच्या मागं असायची. तुम्हाला सगळं आठवत असेल. रागावू नका, पण जसं होतं तसं कळवा. कशासाठी ते पुढच्या पत्रात लिहीन, आज हात धजत नाही.

आत्यांच्या गुडघ्याला तेल लावता ना? चुकलंमाकलं पोटात घाला, आणि उत्तर धाडा.

आपली,
पुष्पा


आणे,
२० फेब्रुवारी

चि. सौ. पुष्पास ज्योतिबाचे अ. उ. आ. सृष्टीला गोड पापा.

पत्र पावलं. म्हातारीला दोन येळा वाचून दाखीवलं. चमच्याला ट्यूब गुंडाळल्याचं ऐकून ती लई हसली. म्हणली, आमचा दादाभाऊ शाळंत नापास झाला तरी डोकं हाय पोराला.

तू इचारलंस म्हणून लिवतो, न्हाईतर हा इषय मी काढणार नव्हतो. पोरगी घोडीवर पयल्यांदा बसली ती दीड वरसाची असताना. मान धरायची, पर खाली बसवली की पिठाच्या उंडीवानी कलंडायची. दिवाळी झाली का आपण पठार उतरायचो. म्हाताऱ्या घोडीवर सगळा संसार, भांडी, अंथरुणं, टोपल्यात कोंबड्या. दुसरी घोडी तांबडी, तिच्यावर नुसती घोंगडी दुमडून टाकल्याली. तिच्यावर तुझी आत्या, आन आत्याच्या पोटाशी टेकून पोर. दोन पाय दोन बाजूला. सकाळी न्याहारीपसून उन्हं तापस्तोवर, आन मग दुपार कलल्यावर पुन्यांदा.

काय दिवस व्हते गं ते! घोड नदीच्या अंगाला गारवा असायचा. महाळुंगे पडवळचा हौशीराम बांधावर उभा राहून वाट बघायचा, कारण आपली मेंढरं त्याच्या रानात बसली का वरीसभर खताची काळजी न्हाई. पायलीभर बाजरी द्यायचा, आन पोरीला पेरू. पोर घोडीवरून उतरायची न्हाई, वरच पेरू खायची. च्यक च्यक करून तांबडीला हाकायची आन ते शहाणं जनावर त्या आवाजाला चालायचं बी. तुझी आत्या म्हणायची, ही पोरगी आपल्यापेक्षा उंच बसतीया, मोठी झाली का आपल्याला इचारायची न्हाई. असं सुख मला त्याआधी न्हाई आन त्यानंतर बी न्हाई.

सांजचं मी तिचे पाय चोळायचो, ताठर पायाच्या कोकराचे चोळावे तसे. तुला त्येचा राग यायचा. माझी पोर म्हंजी मेंढरू न्हाई, असं तू म्हणायचीस. मला दुसरं काई येत नव्हतं, पुष्पे.

मग पोर पाच वरसाची झाली आन त्या हिवाळ्यात पाय एकाएकी आखडले, एकावर एक चढाया लागले. लोक बोलायला लागले का घोडीमुळं झालं. आन तू वाड्यावर, धा माणसं जेवायला बसल्याली, त्यांच्यापुढं म्हणलीस का म्हाताऱ्यानं घोडीवर बसवून माझ्या लेकीचे पाय घालीवले. दुसऱ्या दिशी तुमी राजुरीला गेला. मी काई बोललो न्हाई, कारण मला बी त्येच वाटलं.

तवा मॅडमला कुणाचं नाव लिवायचं असंल तर माझं लिवू दे. ज्योतिबा, राहणार आणे. आन तांबडी आता न्हाई. तू बोललीस त्याच आठवड्यात पारनेरकडच्या एका मेंढक्याला इकली. दादाभाऊला सांगितलं का चारा परवडत न्हाई. ते खोटं व्हतं. तिच्याकडं बघवत नव्हतं.

आमी बरे हाव. पोरीला जप, मला इसरलात तरी चालंल.

ज्योतिबा


राजुरी,
२८ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी चुलीपुढं बसून रडले. दूध उतू गेलं, यांनी येऊन पातेलं उतरवलं. तांबडी विकल्याचं यांनाही माहीत नव्हतं, म्हणजे का विकली ते. 

आता ऐका. आणि आत्यांनाही ऐकवा. पहिल्या पत्राच्या आदल्या मंगळवारी मॅडमनी सृष्टीला एका जाड लोडावर बसवलं, दोन पाय दोन बाजूला. मागून कमरेला धरून लोड पुढंमागं हलवायला लागल्या. पाच मिनिटं गेली असतील. सृष्टी ताठ बसली आणि च्यक च्यक करायला लागली! मॅडमनी विचारलं हे काय, तर म्हणाली, तांबडी. मला सगळं सांगावं लागलं. वाड्यावर काय बोलले तेही सांगितलं. सांगताना वाटलं की आता त्याही म्हणतील, बरोबर ओळखलंत.

मॅडम म्हणाल्या की घोडीचा काडीचाही दोष नाही. सृष्टी सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हाच तिच्या मेंदूला इजा झाली. पायांना ढिलं हो म्हणून सांगणारा भागच दुखावला. पाचव्या वर्षी आखडले, कारण ती भराभर उंच झाली. हाडं वाढली आणि ताठर स्नायू मागं राहिले. अशा पुष्कळ मुलांचं तसं होतं. पाय फाकवून बसणं, खालून हलकी हालचाल होणं, हाच तर त्या लोडावरचा व्यायाम. घोडीनं तिला बरं केलं असंही त्या म्हणत नाहीत, हा आजार असा जात नाही. पण तुमचं पत्र वाचून म्हणाल्या की तुम्ही दोघांनी साडेतीन वर्षं न कळता चांगलंच काम केलं. खुब्याचा फोटो काढला, हाड जागेवर आहे. आज ती पाठ सरळ ठेवून बसते, त्यात थोडा वाटा त्या दिवसांचा असेल, असं त्यांचं म्हणणं.

मामा, मी चुकले. मला कुणावर तरी राग काढायचा होता. सातव्या महिन्यात पोर झाली तो दोष लोक माझ्या पोटाला द्यायचे. घोडीवर आळ घातला आणि मी सुटले. तुम्ही गप्प बसलात तेव्हा मला वाटलं तुम्ही कबूल केलंत. तांबडी तर मी परत आणू शकत नाही. तुम्ही या. तुमची नात चालते, चार पायांच्या वॉकरला धरून, पण चालते. ते तुम्ही बघितलेलं नाही.

पायांवर डोकं ठेवते, दूर लोटू नका.

पुष्पा


आणे,
९ मार्च

चि. सौ. पुष्पास आशीर्वाद.

वाचलं. मला आनंद व्हायला पायजे व्हता, पर आदी संताप आला. तीन वरसं! पोरीचे दुधाचे दात पडले, पोर उभी राहिली, आन मी हितं पठारावर गुन्हेगारावानी बसलो. यात्रंत कुणी नातीचं इचारलं का मी उठून जायाचो. कागदावर माफी मागायला सोपं असतं. धा माणसांत बोललीस, धा माणसांत माघारी घे. आपल्यात असंच हाय. तवर मी येत न्हाई.

म्हातारी माझ्याशी भांडतीया, कालपसून वाढत न्हाई. धाकला गोरक्ष भाकरी देतो. तू मनाला लावून घेऊ नको. लावून घे, पर लई न्हाई.

पोरीला माझा पापा दे. तिला मी आठवतो का, तेवढं कळीव.

ज्योतिबा


राजुरी,
१ एप्रिल

चि. गोरक्षास आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आयला मोठ्यानं वाचून दाखीव. मधलं काई गाळू नको, तुला लाज वाटली तरी.

पाडव्याला ये, माणसं बोलीवली हायत, एवढंच वयनीनं कारडावर लिवलं व्हतं, म्हणून मी निघालो. येष्टीनं आळेफाटा, तितनं दादाभाऊनं टेम्पोत घातलं. वाटंत लेक माझा हात धरून गाडी चालवत व्हता. दोन हातांनी चालीव म्हणून मीच ओरडलो.

अंगणात गुढी उभारल्याली, शेजारपाजारची पंधरा-ईस माणसं, आपल्या त्या दिवशीच्या पंगतीतले बी चौघं जण पुष्पीनं निरोप धाडून आणल्याले. मी बाजंवर टेकलो. तेवढ्यात उंबऱ्यातनं पोर आली. आय गं, काय सांगू तुला! वॉकर पुढं टाकायची, मग एक पाय, मग दुसरा. टाचा जराशा उचलल्याल्या, गुडघे एकमेकांना घासत्यात. मी उचलायला उठलो तर पुष्पीनं हात आडवा घातला, म्हणली, तिचं तिला येऊ द्या. उंबऱ्यापसून बाजंपोतर बारा पावलं. एक शेळी पिळून झाली असती तेवढा येळ लागला.  पोर आली, बाजंला हात लावला आन म्हणली, आजोबा, तुमची दाढी पांढरी झाली. आठवतो म्हणायचा मी तिला!

मग पुष्पी पदर सावरून मधी उभी राहिली. आवाज खणखणीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणली का, मी सासऱ्यांवर खोटा आळ घातला, लेकीचे पाय जन्मापासून तसे हायत, त्यात मामांचा दोष न्हाई आन घोडीचा बी न्हाई, चूक माझी. आन वाकून पायाला लागली. मला वाटलं व्हतं का हे ऐकून मला बरं वाटंल, छाती फुगंल. तसलं काई झालं न्हाई. त्या पोरीची मला कीव आली. मी म्हणलो, बास झालं, ऊठ, पोळ्या करपतील. माणसं हसली, मोकळी झाली.

पर सृष्टी हसली न्हाई. गोरक्षा, इथनं सावकाश वाच. तिला बोलायला येळ लागतो, एकेक सबुद ओढून काढावा लागतो, त्यामुळं आपण तिचं वाक्य पुरं होस्तोवर थांबत न्हाई, आपणच पुरं करतो. तवा बी दोघा-तिघांनी केलंच. तिनं मान हलवली, न्हाई न्हाई केली आन पुन्यांदा सुरू केलं. ह्या बारीला आमी तिला पुरं करू दिलं. ती म्हणली, घोडीवर माझे पाय हलके व्हायचे. तुमी भांडलात तवा मला म्हाईत व्हतं. मला कुणी इचारलंच न्हाई.

पुष्पी माझ्याकडं बघायला लागली आन मी पुष्पीकडं.  ती तवा पाच वरसाची व्हती, आमच्या दोघांच्या मधी गोधडीवर बसल्याली. मी तीन वरसं दोष डोक्यावर घेऊन फिरलो, पुष्पीनं दुसऱ्याच्या डोक्यावर दिला, आन ज्येचे पाय त्येला इचारायचं दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाई.

मी हितं महिनाभर राहतो. मेंढरं तू बघ, पाणी सकाळी लवकर दाखीव, ऊन तापाया लागलंय. आज सकाळी पयल्यांदा तिचे पाय मोकळे करायला मी बसलो. आदी तिला इचारलं, किती ताणू. मग थांबलो. लई येळ लागला तिला सांगायला. मी थांबलो.

म्हातारे, रडू नको, पुढच्या आठवड्यात तू बी ये. समद्यांना माझा राम राम सांग.

तुझा बाप,
ज्योतिबा