डोळ्याखालचा भोवरा

आबा,

काल यावलला लग्नाला गेले होते, जाऊबाईंच्या भाच्याच्या. नवरदेव निघायला वेळ होता, म्हणून त्याची घोडी मांडवाबाहेर सावलीत उभी होती, आणि पांढऱ्या कपड्यांतला एक पाहुणा घोडीवाल्याशी सौद्याचं बोलत होता. त्याला ती विकत हवी होती. दात पाहिले नाहीत, खूर उचलून पाहिले नाहीत, आधी काय केलं, तर तिच्या डोळ्याखाली अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आसूढाळ तर नाही ना रे बाबा? घरात लहान लेकरं आहेत माझ्या." हातातला सरबताचा पेला मी तिथंच ठेवला. असं वाटलं, जावं आणि त्याचा तो अंगठा पिरगाळावा. पण पन्नाशी ओलांडलेली बाई मी, चारचौघांत गप्प बसले. जेवलेही नाही. आज सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. ते संपेना, म्हणून वही घेऊन बसले. तुम्ही आज असतात तर खाली मान घालून ऐकत बसला असतात, आणि माझा राग अर्धा झाला असता. तो मला अर्धा व्हायला नको आहे.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तुम्ही तिला आणलीत तेव्हा मी चार वर्षांची होते, पण ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मी तिथं होते असंच मला वाटतं. धुळ्याकडच्या एका पाटलांनी तिला हौसेनं वाढवली होती, दूध पाजून, खरारा करून. मग त्यांच्या घरात कुणी तरी गेलं, आणि कुण्या शहाण्यानं घोडीच्या डाव्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा दाखवला. डोळ्याखाली भोवरा म्हणजे आसूढाळ, आणि आसूढाळ घोडी ज्याच्या दारात बांधली त्याला ती रडवणार. झालं! आठ दिवसांत पाटलांनी तिला बाजारात उभी केली. लोक यायचे, अंगठा फिरवायचे आणि पुढं जायचे. तुम्ही मात्र हसलात. "येडा शेतस बठ्ठा," म्हणून सगळ्यांनाच वेड्यात काढलंत. "घोडीले काय समजस भोवरा न बिवरा?" हे सांगताना तुमची छाती फुगायची आणि माझीही. आईनं तिला 'बाई' म्हणायला सुरुवात केली, तेच तिचं नाव झालं. "बाई, सरक," म्हटलं की सरकायची. "बाई, ये," म्हटलं की अंगणाच्या त्या टोकाहून मान हलवत यायची आणि आईच्या पदराला तोंड पुसायची.

भुसावळ स्टेशनाबाहेर लिंबाखाली तुमचा टांगा उभा असायचा. उन्हाळ्यात सगळे टांगेवाले आधी स्वतः पाणी प्यायचे, तुम्ही आधी तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकायचात. पुलाच्या चढाला माणसांना खाली उतरवून स्वतः चाकाला हात लावायचात. एका सुटाबुटातल्या माणसानं विचारलं होतं, "चाबूक नाही का तुझ्याकडे?" तर तुम्ही म्हणालात, "शे ना साहेब, घरी. घाई असेल तर तुम्ही पायी निघा." मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते. असा बाप कुणाला नाही, असं वाटलं होतं मला. म्हणूनच तर राग येतो. दगडाच्या काळजाच्या माणसावर कोण रागावतं? तुम्हाला सगळं कळत होतं, आबा.

आई काविळीनं गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. तेराव्याला आत्या आली, अंगणात उभी राहिली, बाईच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "दारात आसूढाळ बांधी ठेवी, मंग काय व्हई?" तुम्ही हसाल म्हणून मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसला नाहीत. त्या दिवसापासून तिच्या अंगावर हात फिरवणं बंद केलंत. तिला विकायचं ठरवलंत, पण भोवरा बघून घेणार कोण? तेव्हा बाजारातल्या कुण्या दलालानं तुम्हाला ती युक्ती सांगितली. एका सकाळी तुम्ही आईचं उलथनं चुलीत लाल केलंत. भोवऱ्यावर डाग दिला की केस जळतात, आणि नवीन माणसाला सांगायचं, काट्यानं लागलंय. मला म्हणालात, "तू गूळ धर, तुझं ऐकते ती." मी गूळ धरला. ती माझ्या तळहातावरून गूळ खात असतानाच तुम्ही उलथनं टेकवलंत. तिनं मान झटकली, उलथन्याची कड डोळ्यात गेली. ती कशी ओरडली ते मी लिहिणार नाही. महिन्याभरात डोळा पांढरा पडला. आणि उलथनं? ते राखेनं घासून संध्याकाळी तुम्ही त्यानंच भाकरी उलटलीत. मी जेवले नाही तर "उपाशी मरशी का?" म्हणून माझ्याच अंगावर ओरडलात.

जळगावचा बँडवाला तिला घेऊन गेला. दोन वर्षांनी मामाच्या मुलाच्या लग्नात जळगावला मी तिला पाहिली. आरसे लावलेली झूल, डाव्या डोळ्यावर गोंड्यांची झालर, म्हणजे पांढरा डोळा दिसू नये. त्या बाजूनं फटाका वाजला की ती बिचकायची, कारण तिला दिसायचंच नाही, आणि बिचकली की बँडवाला काटेरी लगाम खेचायचा. तोंडातून लाल फेस येत होता. लोक म्हणत होते, "काय नाचते बघा!" डोंबलाचं नाचते! तुम्हीही होतात त्या वरातीत, आबा, गुलाबी फेटा बांधून. तुम्ही तिला ओळखलंत. मी बघितलं तुम्हाला ओळखताना. मग तुम्ही पान आणायला म्हणून जे गेलात, ते वरात दारात पोचल्यावर आलात.

पुढं माझं लग्न झालं, सासरी मुक्ताईनगरला गेले, आणि पंधरा दिवसांत सासऱ्यांची दुभती म्हैस मेली. सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली, सुनेचा पायगुण बरा नाही. तुम्ही धावत आलात. ओटीवर बसून हात जोडून सांगितलंत, "मनी पोर लक्ष्मी शे हो, असं काही नसतं." आत स्वयंपाकघरात उभी राहून मी ऐकत होते आणि अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पोरीच्या वेळी असं काही नसतं, होय ना? आणि बाईच्या वेळी?

शेवटी दवाखान्यात, तुमचा आवाजही नीट निघत नव्हता, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "बाईचा काही पत्ता?" मी म्हणाले, "मेली असेल. आता कशाला चौकशी?" तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. चौथ्या दिवशी गेलात. मला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं बोलले.

इतकं सगळं लिहिलं तर पुढचंही लिहायला हवं. ती मेलीच होती असं मला ठाऊक नव्हतं. उलट मी तिला पाहिली होती, त्या म्हशीच्या प्रकरणानंतर दोन-तीन महिन्यांनीच. तापीकाठच्या वीटभट्टीवर आम्ही दोघं विटा ठरवायला गेलो होतो. ती गाडीला जुंपलेली होती, हाडं वर आलेली, पण पट्ट्याच्या जखमेवर कुणी तरी हळद-तेल लावलेलं होतं. लावणारी बाजूलाच उभी होती, भट्टीवरची मजूर बाई. तिच्या भाकरीतला तुकडा घोडीच्या तोंडात होता. डोळ्याखालचा डाग मी लगेच ओळखला. ती मजूरीण म्हणाली, "मालकानं भंगारासारखी आणून टाकली. गरीब शे बिचारी, पण हाक मारली तर वळतच नाही. काहीही नाव घेऊन बघितलं." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुमच्या वळखीची शे का?"

नवरा शेजारी उभा होता. माझ्या माहेरी डोळ्याखाली भोवऱ्याची घोडी होती हे सासूबाईंच्या कानावर गेलं असतं, तर म्हैस कायमची माझ्या गळ्यात पडली असती. मी म्हणाले, "नाही बुवा, कुठली!" आणि विटांकडे वळले. तुम्ही पान आणायला गेला होतात, मी विटा बघायला गेले.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. त्या मजूर बाईला तिचं नाव तेवढं हवं होतं, आबा. एकच शब्द होता, आणि तो मला येत होता.