‘आफशीन नऊ’ बुटाच्या नावाबद्दल आणि माझ्या बाकीच्या चीजवस्तूंबद्दल

बूट नक्की कोणाचा? घालणारीचा, शिवणाऱ्याचा की वहीत त्याचं चित्र काढणारीचा? याचं उत्तर मला येत नाही. तरीही मी, अनुजा जोतीराम व्हटकर, वय २३, बी.कॉम., घरातली पहिली पदवीधर, राहणार जवाहरनगर, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. पप्पा म्हणतात, “अपेंडिक्सनं कोण मरतंय गं?” पण चुकून मेलेच, तर पप्पांचे भाऊ गणपतकाका बुटाचं नाव बदलतील.

१. डिझाइनच्या वह्या पप्पांना. ते चपलांचे कारागीर. बास्केटबॉलच्या बुटांचा पहिला जोड त्यांनी चपलेच्याच चामडी तळाचा केला. जिल्हा संघातली नऊ नंबरची खेळाडू, माझी मैत्रीण आफशीन, त्यावरून थेट खांबापर्यंत घसरली. दुसऱ्याला रबरी तळ लावला. पण चप्पल करकर वाजावी म्हणून तळात एखादं बी दडवतात, तसं पप्पांनी यातही गुपचूप दडवलं. आफशीन मागून चेंडू काढायला गेली की समोरची आवाजानंच सावध! पप्पांचं म्हणणं, “वाजत न्हाय ते कोल्हापूरचं कसलं?” तिसरा जोड मुका आहे. तो मुकाच ठेवावा.

२. शिलाई मशीन धाकट्या भावाला, ऋतुराजला. अट एकच : बुटावर वाघ, गरुड, तलवार काढायची नाही. लोगो म्हणजे आफशीनची सही. माझ्या पाठीवर कागद ठेवून तिनं ती हसत केली, म्हणून शेवटचं अक्षर घसरलंय. ते सरळ करू नये.

३. बुटांची चारशे खोकी गणपतकाकांना. ती त्यांनी स्वतःच छापून आणली. वर फेटा आणि गॉगल घातलेला स्वतःचा फोटो.
“काका, आफशीनचं नाव कुठाय?”
“हाय की खाली. भिंग आण. आन् आपल्या घरच्या बुटाला दुसऱ्याच्या पोरीचं नाव कशाला गं?”
खोक्यांत त्यांनी कांदे भरावेत.

४. बुटाचं नाव. काका, तुम्ही हेच कलम आधी वाचाल, म्हणून स्पष्ट लिहिते. तिन्ही जोडांत टाचा तिच्या सोलल्या. आपण घरी चहा घेत होतो. नाव मी कोणालाही देत नाही, कारण ते आता माझ्या हातात नाही. ट्रेडमार्कचा अर्ज आज सकाळी आफशीनच्या नावानं भरला. पोच तिच्याकडे आहे.

ठिकाण : कोल्हापूर
तारीख : ९ फेब्रुवारी २०२६
सही : अनुजा जोतीराम व्हटकर
साक्षीदार : १) उदयसिंह, संघाचे प्रशिक्षक २) रिजवान, तळ कापणारे कारागीर