मापांच्या वहीत नसलेले नाव

मी, तुंगा आप्पासो मगदूम, लग्नानंतरचे नाव सुमन ज्ञानदेव खराडे, वय पंच्याहत्तर, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे; दम लागतो तो जिन्यामुळे. कोणी धाक घातलेला नाही. उलट मुलगा धैर्यशील रोज म्हणतो, "आई, कशाला जुनं उकरून काढतीस?"

दोन्ही नावांची बाई एकच, असे प्रतिज्ञापत्र वकिलांनी आधी करायला लावले. शाळेच्या दाखल्यावर तुंगा, बाकी सगळीकडे सुमन. केले. पण सही करताना मनातून पटले नाही, एवढे इथे नोंदवते.

१. माझे नाव. कुरुंदवाडला आमच्या गल्लीत तिघी तुंगा होत्या. आई कर्नाटकातली, ती 'तुंगव्वा' म्हणे. गुरुजी हजेरीला 'तुंगाबाई' म्हणत. पोरी नुसते 'तुंगे'. १९६९ साली लग्नात सासूबाई चिमणाबाई म्हणाल्या, "हे कसलं नाव? आमच्यात न्हाय चालत असलं. सुमन ठेवा, चार घरांत हाय." मालकांनी पितळेच्या ताटात तांदूळ पसरून अंगठीने 'सुमन' लिहिले. मला कोणी विचारले नाही. माझ्या दहाव्याच्या पत्रिकेवर आणि चौकातल्या फ्लेक्सवर 'तुंगा' असेच छापावे. "ही कोण?" असे लोकांनी विचारले तर विचारू दे की.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि मापांच्या वह्या नात संयोगिता हिला, ती कागलला दिली आहे. वह्यांत १९७४ पासूनच्या गिऱ्हाइकांची नावे आहेत. आधी अंबूबाई, बनाबाई. मग पानोपानी सुमन. कोणती सुमन ते कळावे म्हणून पुढे 'गिरणीवाली', 'चष्मेवाली' असे लिहावे लागे. मग स्वाती, पूजा. आता त्यांच्या नातींची परकर-पोलकी येतात, त्यांची नावे मी दोनदा विचारून लिहिते. इतक्या वर्षांत तुंगा एकही नाही.

संयोगिताला दिवस गेले आहेत. मोबाईलवर इंग्रजीत नावे शोधता शोधता तिला हेच सापडले. म्हणाली, "आज्जी, एकदम वेगळं नाव हाय, टुंगा." मी म्हटले, "अगं, जीभ दाताला लाव की. तुंगा. माझंच हाय ते." बाळाला हे नाव ठेवावे अशी माझी अट नाही. तिचे तिने ठरवावे. दुसऱ्या कोणी मध्ये पडू नये.

३. पतसंस्थेतली ठेव धैर्यशीलला. त्याने भांडू नये आणि पुढचे कलम शांतपणे वाचावे.

४. राहते घर मी ब्लाउज शिवून बांधले आहे. ते संपूर्ण माझ्या सुनेला. ती माहेरची क्रांती. १९९६ साली मीच त्याच ताटात तांदूळ पसरले आणि धैर्यशीलकडून 'मैथिली' लिहून घेतले. म्हटले होते, "क्रांती काय नाव झालं? मोर्चातली घोषणा वाटतीया." पोरीने मान खाली घातली. मीही अशीच घातली होती, तरी मला कळले नाही. चिमणाबाईंना काय बोल लावू? मला याची लाज वाटते. घराच्या कागदावर कोणते नाव लावायचे ते ती सांगेल. त्यासाठी लागेल ते प्रतिज्ञापत्र वकिलांनी करावे, कुरकुर करू नये.

५. ते ताट मोडीत घालावे. कोणाच्याही लग्नात बाहेर काढू नये.

हे मी सुनेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आत्याबाई, आता कुणी क्रांती म्हटलं तर मी मागं वळून सुदीक बघत न्हाय. ऱ्हाऊ दे."

राहू देणार नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी मी तिला क्रांती म्हणून हाक मारते. आठ दिवस आतून नुसती भांडी वाजत राहिली. काल स्वयंपाकघरातून तिने "ओ" दिली. म्हणून आज सही करते.

कोल्हापूर, १२ जानेवारी २०२६

लिहून ठेवणार: तुंगा
(ही सही छप्पन्न वर्षांनी केली आहे. वळण मोडले आहे, तरी माझीच आहे.)

आमच्या समोर वाचून, समजून सही केली:
नृसिंह बापूसो सरनाईक, शेजारी
वरद किणीकर, औषध दुकानदार