माझे ड्रम माझ्या मुलीला

॥ श्री ॥

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, संताजी नारायणराव जगदाळे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा ड्रम वाजवणे व बँड चालवणे, मूळ राहणार धार, हल्ली मुक्काम देवास, आज पाडव्याच्या दिवशी, गुढी उभारून आणि श्रीखंड जेवून झाल्यावर, स्वखुशीने हा कागद लिहायला बसलो आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. कसली नशा केलेली नाही. ती सोडून अकरा वर्षे झाली. डावा हात गेल्या भाद्रपदापासून थोडा रुसला आहे, पण मी उजव्याने लिहितो, आणि डोके दोन्ही हातांपासून स्वतंत्र आहे. तेव्हा पुढे कोणी शंका काढू नये. यापूर्वी मुंबईत एक मृत्युपत्र केले होते, त्यात ड्रम हॉटेलला देऊन टाकले होते. ते रद्द समजावे. तेव्हा मला अक्कल कमी आणि टाळ्या जास्त मिळत होत्या.

माझी मुलगी अलका हिचे शिक्षण हिंदीत झाले. मराठी फडाफडा बोलते, वाचताना मात्र अडखळते. म्हणून हा कागद तिच्या आईने मोठ्याने वाचून दाखवावा. स्वतःबद्दलची वाक्ये गाळू नयेत.

कलम पहिले. देवासला स्टेशनाकडच्या वस्तीतले माझे तीन खोल्यांचे घर मागच्या अंगणासह माझी पत्नी सुभद्रा हिला. आमचे लग्न त्रेचाळीस साली झाले आणि पुढची तीस वर्षे मी मुंबई, कलकत्ता, मसुरी असा फिरत राहिलो. वर्षातून दोन महिने धारला येई. उरलेले दहा महिने सासू-सासरे, दीर आणि मुलगी हे सगळे तिने सांभाळले. कोणी विचारले, "वहिनी, संताजीराव तिकडे करतात तरी काय?" तर म्हणे, "साहेबलोकांना नाचवतात." एवढे नेमके वर्णन माझे कुठल्याही वर्तमानपत्राने केले नाही. पोस्टातली शिल्लकही तिचीच. त्यातली काही तिने स्वतःवर उडवावी अशी अट घालणार होतो, पण तिला अट घालून काही होत नाही हा बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

कलम दुसरे. पांढरे कोट, नग आठ. यांची हकीकत सांगणे भाग आहे.

आमचे वडील नारायणराव धार संस्थानच्या बँडात साइड ड्रम वाजवत. मला आणि माझा धाकटा भाऊ भास्कर याला त्यांनी समोरासमोर पाटावर बसवून काठ्या धरायला शिकवल्या. एकोणिसाव्या वर्षी मी मुंबईला पळालो. तिथे एका मोठ्या हॉटेलातल्या गोवेकर बँडचा ड्रमर आजारी होता. बँडमास्तर मिनिन फर्नांडिस यांनी मला बसवून पाहिले. मी कवायतीच्या जोरात सुरू झालो. त्यांनी ट्रंपेट खाली ठेवला, माझ्या दोन्ही मनगटांवर हात ठेवले आणि कोकणीत म्हणाले, "बाबा, मारूं नाका. उलय." मारू नकोस, बोल. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षे जेवलो.

दहा वर्षांनी माझा स्वतःचा जॅझ बँड झाला, 'सॅन्टी आणि सात'. सॅन्टी म्हणजे मीच. संताजी हे नाव साहेबांच्या तोंडात मावेना. हे आठ कोट तेव्हाचे. कोलंबोला मी एकट्याने अकरा मिनिटे ड्रम वाजवले, तेव्हा नाचणारे नाचायचे थांबून भोवती उभे राहिले आणि स्वयंपाकघरातले आचारी झारे घेऊन बाहेर आले. आचाऱ्यांची दाद मी सगळ्यात मोठी मानतो, कारण त्यांची कढई करपत होती.

त्र्याहत्तर साली हॉटेलांतून बँड गेले आणि टेपा आल्या. त्याच वर्षी अलकाला देवासच्या नव्या कारखान्यात टाइपिस्टची नोकरी लागली, म्हणून आम्ही तिघे इथे आलो. मी म्हटले, आता आराम. तिसऱ्या महिन्यात कंटाळलो आणि कारखान्यांतल्या माणसांचा बँड जमवला. ट्रंपेटवर फिटर, सॅक्सोफोनवर स्टोअरकीपर, आणि क्लॅरिनेटवर रेल्वेतून निवृत्त झालेले मोरोपंत आगाशे. त्यांना हे कोट घालून पाहिले. पोहे आणि शेव यांवर पोसलेल्या देहांवर एकाही कोटाचे बटण लागेना. शेवटी सुभद्रेने धारकडच्या बाग गावाहून छापील कापड आणवले आणि सगळ्यांना लाल-काळे सदरे शिवले. तेच आमचे गणवेश. कोट सुभद्रेने उसवून उशांचे अभ्रे करावेत. तिचा त्यांवर बारा वर्षे डोळा आहे.

कलम तिसरे. ग्रामोफोन व तबकड्या मोरोपंतांना. यांच्याशी माझे पटत नाही. ते वरच्या पट्टीत शिरले की उतरायचा जिना विसरतात. पण बारा वर्षांत एकही तालीम चुकवलेली नाही. अपवाद पुढे येईल.

कलम चौथे. मसुरीच्या ज्या हॉटेलात मी सत्तावन्न साली होतो, तिथल्या मॅनेजरला काहीही नाही. तो हयात नसल्यास त्याच्या वारसांनाही नाही. कारण असे. जून महिन्यात वडील गेल्याची तार आली. ऐन हंगाम होता. नाच बिघडू नये म्हणून या गृहस्थाने ती तीन दिवस टेबलाच्या खणात ठेवली. ते तीन दिवस मी वाजवत होतो, लोकांना हसवत होतो. हातात तार पडली तशी मी निघालो आणि वडील गेल्याच्या सातव्या दिवशी धारला पोहोचलो. भास्कर दारातच उभा होता, डोके भादरलेले. म्हणाला, "वाजवून झालं का?"

मी तारेबद्दल सांगायला हवे होते. पण ते ऐकून माझा जो संताप झाला त्यात शब्द सुचला नाही, आणि नंतर सांगायला अभिमान आडवा आला. चौदावा दिवस झाल्यावर मी निघून गेलो. आम्ही भाऊ सत्तावीस वर्षे एकमेकांशी बोललो नाही. मी धारला येई ते दोन महिने तो बाहेरगावच्या सुपाऱ्या घेऊन निघून जाई, तोंडही दाखवीत नसे. वडिलांचा साइड ड्रम त्याच्याकडे राहिला. त्याने धारला लग्नाचा बँड काढला आणि त्याला वडिलांचे नाव दिले.

कलम पाचवे. माझ्या दोन तुर्की झांजांपैकी मोठी झांज भास्करला. ही त्याने जिंकलेली आहे असे मी समजतो.

एकोणऐंशीच्या वैशाखात देवासला टेकरीखालच्या रस्त्यावर एक लग्न होते. मुलीकडच्यांनी माझा बँड ठरवला; माझे ड्रम भाजीवाल्याच्या हातगाडीवर चढवून आम्ही वऱ्हाडाच्या स्वागताला पुढे गेलो. मुलाकडचे धारचे. वळणावरून घोडा आला आणि घोड्यापुढे नारायण बँड, त्यापुढे गळ्यात वडिलांचा ड्रम अडकवलेला भास्कर. बावीस वर्षांनी तोंड दिसले.

रीतीने एका बँडने थांबावे. मी थांबलो नाही. तोही नाही. त्याने कवायतीचा रोल, म्हणजे दोन्ही काठ्यांचा सलग कडकडाट, टाकला, मी तो उचलून उलटा करून दिला. त्याने तो दुप्पट केला. त्याचे पितळी भोंगे आणि माझे मोरोपंत एकमेकांच्या अंगावर धावून गेले. ऊन डोक्यावर चढत होते. नवऱ्याचा मामा हात जोडून ओरडत होता, "अरे भिया, बस करो! मुहूर्त निकल रिया है!" भटजी अक्षता मुठीत धरून उभे. पाऊण तास. शेवटी नवरदेवच घोड्यावरून उतरला आणि मुंडावळ्या सावरत नाचायला लागला. त्याचे बघून मुलीचा बाप नाचला. आणि नवरी बोहल्याकडे जायची ती माडीवर जाऊन कठड्यावरून टाळ्या पिटू लागली. मुहूर्त गेला. भटजींनी पंचांग उघडून दुपारचा दुसरा काढला आणि तो पहिल्यापेक्षा चांगला असल्याचे जाहीर केले.

आधी थांबलो मी. दम संपला. भास्करने माझ्याकडे पाहिले, काठ्या काखेत मारल्या आणि वळून गेला. पण त्याच्या उजव्या हाताला वडिलांचे वळण होते, आणि तो आवाज अनेक दिवस माझ्या कानातून जाईना.

कलम सहावे. माझे बाकीचे सर्व ड्रम, लहान झांज, वाजवायचे ब्रश, काठ्या आणि बसायचे स्टूल माझी कन्या अलका हिला. हे कलम या कागदाचे मुख्य कारण आहे.

गेल्या गणेशोत्सवात मांडवात आमचा कार्यक्रम होता. तिसरे गाणे चालू असताना माझा डावा हात खांद्यापासून गेला. काठी पडली. मी उजव्याने ओढत होतो, पण लय लंगडी झाली आणि बँड डगमगू लागला. बायकांच्या पहिल्या रांगेतून अलका उठली. पदर खोचला, मांडवाच्या पायऱ्या चढली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "सरका, अण्णा."

मी सरकलो. तिने काठ्या घेतल्या आणि चालत्या गाडीत चढावे तशी गाण्यात शिरली. एक मात्रा सांडली नाही. छत्तीस वर्षांची माझी मुलगी, जिच्या हातात मी कधी काठी दिली नव्हती, माझ्या ड्रमवर माझ्या वडिलांचा रोल वाजवत होती. डॉक्टर मला उचलायला आले, तर मी त्यांना म्हटले, "दोन मिनिटं थांबा हो, गाणं संपू दे."

दवाखान्यात मी पहिला प्रश्न विचारला तो हाताचा नव्हता. "कोणी शिकवलं?"

अलका आईकडे बघू लागली. मग म्हणाली, "भास्करकाकांनी. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आजोबांच्या ड्रमवर. शाळेतून आल्यावर रोज एक तास."

"आणि तुला माहीत होतं?" मी सुभद्रेला विचारले.

"अहो, ड्रम होता तो. मला ऐकू येतं."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही घरातलं कधी विचारलंत?" ती म्हणाली, आणि मोसंबी सोलू लागली.

हा प्रश्न तसाच इथे लिहून ठेवतो.

चालता येऊ लागल्यावर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी अलकाला घेऊन बसने धारला गेलो. भास्कर ओसरीवर बसून ड्रमच्या दोऱ्या ताणत होता. केस पांढरे. मी अंगणात उभा राहिलो. त्याने दुसरी दोरी ताणायला घेतली.

"बस उशिरा आली का?" तो म्हणाला.

"सत्तावीस वर्षं," मी म्हणालो. आणि मग उभ्या उभ्याच सांगून टाकले, "तार तीन दिवस मॅनेजरच्या खणात होती, भास्कर. मला माहीतच नव्हतं."

त्याच्या हातातली दोरी सुटली. "मग तेव्हा सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"तू दारातच तसं विचारलंस."

"अरे, मी धाकटा! मी बोलणारच. तू दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास." तो उठला, माझा रुसलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला रडू फुटले. मलाही. अलका मध्ये उभी राहून म्हणाली, "आता दोघं बसा, मी चहा टाकते." जरा वेळाने मी विचारले, "माझ्या पोरीला का शिकवलंस रे? मी तर तुझा वैरी." भास्कर डोळे पुसत म्हणाला, "वैर तुझ्याशी होतं, दादा. तिचा हात चांगला होता."

म्हणून ड्रम अलकाचे. पुतण्या, भाचा, जावई असा कोणी पुरुष वारस पुढे येऊन यावर हक्क सांगू लागल्यास त्याने आधी तिच्यासमोर बसून पाऊण तास वाजवून दाखवावे.

कलम सातवे. बँडची पुढारीही अलकाच. हे मी दिवाळीत जाहीर केले तेव्हा मोरोपंत उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई बँडच्या पुढे? लोक काय म्हणतील?" अलका म्हणाली, "मोरूकाका, लोक मांडवात काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना?" ते क्लॅरिनेट पेटीत घालून निघून गेले. पंधरा दिवसांनी परत आले. घरी त्यांच्या पत्नी जमुनाबाई यांनी त्यांना सांगितले होते की अहो, जा, नाहीतर रोज संध्याकाळी तुम्हाला मी ऐकायचं का? मोरोपंतांनी अलकासमोर कान पकडले आणि तिने त्यांना नव्या गाण्यात दोन फेऱ्या एकट्याने वाजवायला दिल्या. मी असतो तर एकच दिली असती. ती माझ्यापेक्षा चांगली बँडमास्तर आहे.

कलम आठवे. मी गेल्यावर टेकरीच्या रस्त्याने न्यावे. बँड वाजलाच पाहिजे, पण शोकाचे काही नको. तेराव्याला श्रीखंड करावे. ते तेराव्याला चालत नाही असे कोणी म्हटल्यास त्याला दोन वाट्या वाढाव्यात. तार वेळेवर करावी.

एवढे लिहून झाल्यावर सध्याची स्थितीही नोंदवतो, म्हणजे मी सुखात हा कागद केला हे वाचणाऱ्याला कळेल. भास्कर आता दर रविवारी सकाळच्या बसने देवासला येतो. बँडात मला उजव्या हाताचा खुळखुळा दिला आहे, त्याला साइड ड्रम. गेल्या रविवारी आम्ही शेजारी बसलो होतो, आणि त्याने डोळा मिचकावून एक जादा रोल टाकला, म्हणून मीही खुळखुळा जोरात हलवला. अलकाने काठी वर केली. सगळा बँड थांबला.

"अण्णा, काका," ती म्हणाली, "तुम्ही दोघंही पुढे पळताय. पुन्हा पहिल्यापासून."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

येणेप्रमाणे लिहिले ते माझ्या हातचे असून मला मान्य आहे.

सही: संताजी नारायणराव जगदाळे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले व ज्यांना या कागदात काही मिळत नाही:
१. डॉ. शरदचंद्र विनायक पोतनीस, मांडवात मला उचलायला आलेले
२. सौ. सावित्रीबाई केशव दिघे, शेजारीण, निवृत्त मुख्याध्यापिका. शुद्धलेखन यांनी तपासले

मुक्काम देवास, चैत्र शुद्ध प्रतिपदा, शके १९०७,
दिनांक २२ मार्च १९८५