चौदा नंबरच्या घरासाठी गावभट्टी एकदा पेटवू द्यावी

प्रति,
मा. वारसा व स्मारके अधिकारी,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : श्टाइगेनरोडे गावातील स्मारक क्र. ३ (गावभट्टी, म्हणजे पाव भाजण्याची सामाईक भट्टी) शनिवार, दि. ६ एप्रिल २०२४ रोजी एकदाच पेटवण्याची परवानगी मिळणेबाबत, आणि त्यानंतर स्मारक क्र. ७ च्या फलकावरील शेवटचे वाक्य बदलणेबाबत.

संदर्भ : १) भट्टी पेटवण्यास मनाई करणारे आपले पत्र, दि. १८ एप्रिल २०२३. २) फलक क्र. ७, जो माझ्या घराच्या भिंतीवर चार स्क्रूंनी बसवलेला आहे. ३) आपल्या कार्यालयातील फ्राउ लिंडेमुट यांच्याशी फोनवर झालेले बोलणे.

महोदया,

वरील विषयास अनुसरून मी, फाइट डोर्नसाइफ, वय ७८, निवृत्त शिक्षक आणि १९८३ पासून या गावाची भट्टीवही (भट्टीवर येणाऱ्या घरांची नोंदवही) लिहिणारा, खालील हकीकत आपल्यासमोर ठेवतो.

१. आपल्या कार्यालयाने गेल्या जूनमध्ये गावात नऊ फलक लावले. काम नीटनेटके झाले आहे, त्याबद्दल आभार. त्यांपैकी सातवा माझ्या दाराच्या डाव्या बाजूला आहे. त्यावर असे लिहिले आहे : "रोझविताचे घर, इ.स. १७३१. लाकडी चौकटीचे, उतारावर तीन पायऱ्यांत बांधलेले. इथली रहिवासी रोझविता डोर्नसाइफ गावभट्टीतल्या पावासाठी पंचक्रोशीत ओळखली जात असे. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिच्या निधनानंतर हे घर निर्मनुष्य आहे." पहिली तीन वाक्ये बरोबर आहेत. चौथ्याबाबत निवेदन असे की, मी या घरात राहतो. रोझविता माझी पत्नी होती.

२. चूक आपल्या कार्यालयाची नाही. ती कशी झाली हे कळण्यासाठी गावाचा थोडा इतिहास सांगावा लागेल. तो मी थोडक्यात सांगतो. (ओटिलिए क्राउसहार, घर क्र. ९, माझी शेजारीण, म्हणते की मी थोडक्यात सांगायला लागलो की लोक कोट काढून खुर्चीवर टाकतात.)

१६३४ साली फौजा आल्या आणि गाव जळाले. चर्चचा मनोरा, लिंडेनच्या झाडाभोवतीचा नाचाचा लाकडी ओटा, बावन्न घरे, सगळे गेले. भट्टी दगडाची होती म्हणून राहिली. पुढे जंगलातून लोक परत येऊ लागले तेव्हा कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते. शनिवारी भट्टीवर कणीक घेऊन कोण आले, एवढेच मोजता येत होते. सात घरे आली. १६४१ सालच्या वहीत त्या सातांची नावे आहेत. तेव्हापासून श्टाइगेनरोडेमध्ये घरे छपरावरून मोजत नाहीत, भट्टीवरून मोजतात. पद्धत अशी आहे : शनिवारी सकाळी लिंडेनखाली पिशवीतून लाकडी बिल्ला काढायचा, त्यावरच्या आकड्याच्या क्रमाने पाव लावायचे. ज्याला एक नंबर येतो त्याने थंड भट्टी तापवायची. त्याला दुप्पट काटक्या लागतात आणि बहुतेक वेळा त्याचाच पहिला पाव करपतो, म्हणून एक नंबर कुणालाच नको असतो. ज्या घराने सलग बावन्न शनिवार बिल्ला काढला नाही त्याच्या नावावर वही लिहिणाऱ्याने पट्टी धरून रेघ मारायची. रेघ मारलेले घर गावात धरत नाहीत.

३. या वहीने गावाशी कधी बेइमानी केलेली नाही. १९१७ मध्ये तोफा ओतायला चर्चच्या तीन घंटा उतरवून नेल्या, वहीत आहे. १९४२ मध्ये नव्याने बसवलेल्याही नेल्या, एकच परत आली, तिचा आवाज बसलेला आहे, तेही आहे. आपल्या फलक क्र. २ वर "मंजुळ घंटानाद" असे छापले आहे, ते चालू द्यावे. १९४६ मध्ये, महायुद्ध संपल्यावर, पूर्वेकडच्या प्रांतांतून हाकलून दिलेली आपली माणसे हातगाड्या ओढत चढ चढून आली. कुणाकडे एकही कागद नव्हता. त्यांत सात वर्षांची ओटिलिए आणि तिची आई होती. सरकारी शिधापत्र मिळायला अकरा महिने लागले, पण पहिल्याच शनिवारी तिच्या आईने पिशवीत हात घातला, पाव भाजला आणि त्याच दिवशी त्यांचे नाव वहीत आले. त्या दिवसापासून त्या इथल्या.

४. आता माझ्या कारभाराबद्दल. २०१० साली ओटिलिए पायरीवरून पडली, खुबा मोडला. दवाखाना, मग दरीतल्या गावात पुतणीकडे, असे करत बावन्न शनिवार झाले. मी रेघ मारली. पुढच्या आठवड्यात ती कुबडी टेकत चढ चढून आली आणि भट्टीसमोर सगळ्यांदेखत म्हणाली, "फाइट, अरे मी इथं तुझ्या नाकासमोर उभी आहे आणि वहीत मी नाही? डोळे आहेत की खोबण्या?" मी म्हणालो, "ओटिलिए, नियम आहे." ती म्हणाली, "मग त्या नियमाला जेवायला बोलव, मी चालले." रोझविता माझ्याशी सहा दिवस बोलली नाही. सातव्या दिवशी, शनिवारी, तिने स्वतःच्या कणकेतली अर्धी कणीक ओटिलिएला दिली, बिल्ला तिला काढायला लावला आणि मला म्हणाली, "आता लिही." परत नाव लावण्याची पद्धत एवढीच आहे : बिल्ला, भट्टी, आणि भाजलेला पहिला पाव शेजारच्या घरी द्यायचा. मी लिहिले.

५. रोझविता एका शुक्रवारी दुपारी गेली. शनिवारची कणीक तिने सकाळीच मळून झाकून ठेवली होती. ती कणीक संध्याकाळी फुगून लाकडी काठवटीच्या बाहेर आली. मी ती परत आत ढकलली. पुढच्या शनिवारी मी बिल्ला काढला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारण विचारल्यास मला सांगता येणार नाही. मी सूप खात होतो, वही लिहीत होतो, दर शनिवारी लिंडेनखाली जाऊन इतरांचे आकडे टिपून घेत होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये बावन्न शनिवार पूर्ण झाले. घर क्र. १४ वर मी रेघ मारली. ओटिलिएच्या वेळी मारली तशीच, पट्टी धरून. विशेष काही वाटले नाही. रेघ सरळ आली होती.

फलकांसाठी आपल्या कार्यालयाने वहीची नक्कल नेली आणि ज्या घरांवर रेघ आहे ती निर्मनुष्य, असे धरले. यात आपला काही दोष नाही. नोंद माझ्या हातची आहे.

६. फलकामुळे होणारा त्रास पुढीलप्रमाणे. पर्यटक खिडकीला नाक लावतात. दोघींनी माझ्या पायरीवर बसून आपले डबे खाल्ले आणि अंड्याची टरफले ठेवून गेल्या. ऑक्टोबरमध्ये मी स्वयंपाकघरात सूप खात असताना खिडकीतून एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अगं बाई, आत पुतळा ठेवलाय म्हाताऱ्याचा! काय हुबेहूब केलाय. हातावरचे डाग बघ ना!" नवरा म्हणाला, "मेण असणार." मी हललो नाही. हलण्यासारखे काही कारणही नव्हते. त्या बाई बराच वेळ पाहत होत्या, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मला बरे वाटले. सूप गार झाले.

ही गोष्ट मी ओटिलिएला सांगायला नको होती. ती आधी खूप हसली, मग रडली, आणि म्हणाली, "मेलेला माणूस अर्ज करतो का रे? मग कर. निदान हात तरी हलतील."

७. त्यानुसार मी फोन केला. फ्राउ लिंडेमुट फार सौजन्याने बोलल्या. म्हणाल्या, "हेर डोर्नसाइफ, फलकाचा मजकूर गावच्या वहीवरून घेतलाय. वही लिहिणाऱ्यांचं पत्र आणा, लगेच बदलू." मी सांगितले की वही मीच लिहितो. त्या म्हणाल्या, "अहो, मग प्रश्नच मिटला की! राहण्याचा दाखला जोडा, मी स्वतः नवीन पट्टी चिकटवायला येते." मी नको म्हणालो. त्यांना ते विचित्र वाटले असावे. कारण असे की, ओटिलिएच्या आईकडे दाखला नव्हता, तरी ती इथली झाली. आणि ओटिलिएकडे सगळे दाखले असून मी तिला खोडले. आता स्वतःसाठी मी दाखला चालवून घेतला तर तिच्याकडे कोणत्या तोंडाने पाहू? घर क्र. १४ वहीत परत यायचे तर भट्टी पेटली पाहिजे.

८. आणि भट्टी पेटवता येत नाही, कारण ती स्मारक क्र. ३ आहे. आपल्या पत्रात म्हटले आहे की, वापरामुळे ऐतिहासिक दगडांवर काजळी धरते. हे खरे आहे. तीनशे ब्याऐंशी वर्षे धरत होती. शेवटचे पाव दि. १५ एप्रिल २०२३ रोजी निघाले, त्यानंतर दारावर आपले कुलूप आहे.

यातून एक अडचण निर्माण होते, ती आपल्या निदर्शनास आणतो. दि. १३ एप्रिल रोजी बावन्नावा शनिवार येतो. नियमाप्रमाणे मला त्या दिवशी उरलेल्या एकोणीसही घरांवर रेघ मारावी लागेल. म्हणजे १६३४ साली फौजांना जे पूर्ण जमले नाही ते माझ्या हातून होईल, आणि आपल्याला आणखी एकोणीस फलकांची तरतूद करावी लागेल. रेघ मारणे मला अवघड नाही, हात सरावलेला आहे. पण ओटिलिएच्या नावावर दुसऱ्यांदा पट्टी धरण्याची माझी इच्छा नाही. सात वर्षांत मला एखाद्या गोष्टीची इच्छा आहे किंवा नाही असे वाटण्याची ही पहिलीच वेळ आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

९. आणखी एक. गेल्या महिन्यात ओटिलिएने मला एक सांगितले. वहीप्रमाणे १९८३ ते २०१६ या तेहतीस वर्षांत घर क्र. १४ ला एक नंबर फारच वेळा आला आहे. मी ते वाईट नशीब समजत होतो. ओटिलिए म्हणाली, "कसलं नशीब? ती लिंडेनमागे बिल्ला बदलून घ्यायची. ज्या म्हाताऱ्यांना काटक्या ओढवत नाहीत त्यांचा एक नंबर स्वतः घ्यायची. माझाही घेतलाय. तुला सांगितलं नाही, कारण तू वहीत खाडाखोड केली असतीस."

मी केली असती. आता करत नाही. वही तेवढ्यापुरती चुकीची आहे आणि तशीच राहील. त्या रात्री मी पहिल्यांदा रडलो. हे अर्जात लिहिण्याची गरज नव्हती, पण खोडले तर कागद खराब दिसेल.

१०. तरी विनंती की, दि. ६ एप्रिल रोजी सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळेत कुलूप काढून द्यावे. एक नंबर मी बिल्ला न काढता स्वतःहून घेतो, बाकीची एकोणीस घरे नेहमीप्रमाणे बिल्ले काढतील. काटक्या तोडून ठेवल्या आहेत. पहिला पाव रिवाजाप्रमाणे घर क्र. ९ ला जाईल. करपला तरी जाईल. काजळी झाल्यास मी स्वतः ब्रशने साफ करीन. रोझविताचे पावाचे आंबवण तळघरात आहे. ती गेल्यापासून मी त्याला रोज पीठ घालत आलो, ते जिवंत आहे. त्याचा कधी पाव केला नाही.

परवानगी नाकारली गेल्यास फलक क्र. ७ बदलण्याची तसदी घेऊ नये. तसे झाल्यास त्यावरचा मजकूर बरोबर आहे.

आपला,
सध्या तरी इथेच राहणारा,
फाइट डोर्नसाइफ
घर क्र. १४, वरची गल्ली, श्टाइगेनरोडे
दि. ४ मार्च २०२४

सोबत :
१) भट्टीवहीतील १६४१, १९४६ व २०१७ या सालांच्या पानांच्या नकला.
२) ओटिलिए क्राउसहार यांचे निवेदन (एक ओळ : "तो जिवंत आहे, मी रोज भांडते.").
३) लाकडी बिल्ला, क्रमांक एक. काम झाल्यावर परत मिळावा.
४) आंबवणाचा थोडा भाग, काचेच्या बरणीत. टपालाने पाठवत नाही, ओटिलिएची पुतणी आणून देईल. झाकण घट्ट लावू नये. तळघरातल्याचे काही बरेवाईट झाले तर हे असावे म्हणून आपल्याकडे ठेवतो. निर्णय होईपर्यंत कृपया रोज सकाळी राय धान्याचे एक मूठ पीठ आणि थोडे कोमट पाणी घालावे. रविवारीसुद्धा.