आईची वही तीन घरांत

तीर्थरूप रत्नाक्काच्या पायांवर धाकट्या रघुजीचे डोके. गुडघ्यांना तेल लावतेस ना? माझी छाती परवापासून स्वल्प धडधडते, पण तू काळजी करू नकोस, त्यासाठी मी आहे. (फोन केला असता, पण तू मध्येच हसतेस.)

शुक्रवारी आपल्या विराटच्या लेकीची, हर्षिताची हळद. पोरीचा एकच हट्ट, गाणी पणजीच्या, म्हणजे आपल्या आईच्या वहीतलीच हवीत. म्हणून ती फोनमध्ये उतरवून बायकांना पाठवायची ठरली. पाने बेचाळीस, उतरवणारा विराट एकटा, तोही ट्रॅफिकमधून पिळून आलेला. त्याच्या कंपनीत लोकांचा डेटा सांभाळतात. त्यानेच मला एकदा इडली खाताना समजावले होते, की मोठा मजकूर एकाच डिस्कवर ठेवला तर ती एकटी दमते, म्हणून त्याच्या पट्ट्या करतात. पहिली पट्टी पहिल्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या, चौथी पुन्हा पहिल्या. डिस्क वेगवेगळ्या मशिनांत असल्या तरी बाहेरच्याला सगळे एकच दिसते, आणि काम आले की साऱ्या जणी एकदम पदर खोचतात. मी सातवी नापास, पण मला तिथल्या तिथे पटले. (पुढे तो "पण अप्पा" म्हणाला होता. तेवढ्यात चटणी संपली आणि मी उठलो.)

तर मी वहीची शिवण कापली. पहिले पान आमच्या घरी एचएसआर लेआउटला, दुसरे इंदिरानगरला धाकट्या लेकाकडे, गुरुराजकडे, तिसरे येलहंक्याला लेकीकडे, महानंदाकडे, चौथे पुन्हा आमचे. अक्का, काय वेग! एकट्याला पंधरवडा लागला असता, ते आमचे आणि गुरुराजचे काम रविवारी जेवणाआधी संपले. येलहंक्याचे जावई त्रिविक्रम मात्र फार टापटिपीचे. त्यांनी जुनाट पिवळी पाने पाहिली आणि पेपरांबरोबर रद्दीत घातली.

चौदाच पाने गेली, पण एकेक गाणे तीन-चार पानांचे. अख्खे असे एकही उरले नाही. काल सराव केला, तर जात्यावर बसलेली नवरी हळद न लागताच सासरी पोचली. विहीणबाई मांडवात आल्या आणि पुढच्याच ओळीत त्यांना तुपात तळले. हर्षिता आधी खूप हसली, मग फोन बाजूला ठेवून उरलेली पाने जुळवत बसली. ते काही मला बघवले नाही.

तरी पद्धत उत्तमच आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. (धडधड मोजायला हात तिथेच असतो.)

तुझा रघुजी

ता. क. सासरी जाण्याआधी तू ती वही उतरवून घेतली होतीस. "एका वहीच्या दोन कशाला, शाई फुकट," असे म्हणणारा मीच. ती आहे ना?

आणखी, विराटचा तो "पण" काल पुरता ऐकला. प्रत्येक पट्टीची नक्कल दुसऱ्या मशिनवर ठेवतातच म्हणे. एवढे तुला तेव्हाच कळले होते, आणि तू तर पाचवीच शिकलेली.

शेवटचे. पत्र घेऊन आलेल्या विराटला चहा दे, पण वही त्याच्या हाती देऊ नकोस. ती पोटाशी धरून तूच गाडीत बस. कात्री हर्षिताने कपाटात ठेवली आहे आणि किल्ली तिच्याच कमरेला आहे.