अमकीचं नाव

५ नोव्हेंबर २०२३, बेला

पोचले एकदाची. आदिलाबादहून बस वेळेवर सुटली आणि वेळेवर आली, त्यामुळे सुरुवात उत्तम. खोली स्वच्छ आहे. खिडकीसमोर फुटलेली कपाशी. टेबल डुगडुगत होतं, त्याखाली पुठ्ठा सरकवला. नोकरीभर मुलींचे निबंध तपासले. आता स्वतःची अद्भुत कादंबरी लिहायची. यवतमाळात लोक हसले. हसोत.

घरमालकीण रुक्माबाई आणि त्यांची नात प्रणिता, दोघीच राहतात. प्रणिता दहावीत आहे, तेलुगू शाळेत शिकते आणि मराठीत अखंड बोलते. पुस्तकात राक्षस आहे का, तिने विचारलं. नसेल तर वाचील कोण? गप्प बस म्हटलं. बसली नाही.

२१ नोव्हेंबर

राक्षस मिळाला. दुपारी कापसातला काडीकचरा निवडताना रुक्माबाईंनी पैनगंगेच्या डोहातल्या मागत्याची गोष्ट सांगितली. तो भरदुपारी ओल्या पायांनी दारात येतो. मुलीकडे आधी आवाज मागतो, मग सावली, शेवटी तिची आठवण. मग घरच्यांनाही ती आठवत नाही.

मुलीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, ‘अमकी.’ या गोष्टीत पोरीचं नाव कोणी घालत नाही, त्यांच्या आईनेही घातलं नव्हतं. ‘नाव भेटलं का त्याले घर भेटते, बाई.’

वाक्य छान आहे. वापरीन.

३ मार्च २०२४

गाडी अडली होती. ‘अमकी’ काही केल्या पानावर उभी राहीना. शेवटी तिला प्रणिताची बडबड दिली, मग नावही प्रणिताचंच दिलं. लगेच चालू लागली. रुक्माबाईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

१७ ऑगस्ट

तिघांनी साभार परत केल्यावर पुण्याच्या एका प्रकाशकाने कादंबरी स्वीकारली. संपादक सुनयना म्हणते, अशी जिवंत नायिका क्वचित सापडते. पेढे वाटले. निम्मे प्रणितानेच खाल्ले आणि वर टोमणा, ‘आता तुमी मोठ्या लेखिका. आमाले वळखसान का?’

१० डिसेंबर

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझं नाव. बोट फिरवून पाहिलं, हेही लिहून ठेवते. आत स्वतःचं नाव दिसताच प्रणिता अंगणात उभी राहून मोठ्याने वाचू लागली. ऊन डोक्यावर आलं होतं. एका वाक्याच्या मध्येच तिचा आवाज थांबला. ओठ हलत राहिले. घसा बसला असेल.

१६ डिसेंबर

आदिलाबादच्या डॉक्टरांना घशात काही दिसलं नाही. रुक्माबाईंनी एवढंच विचारलं, ‘नाव काऊन घातलं, बाई?’ ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या छपाईत नाव बदला म्हणाल्या. मी हो म्हटलं.

४ फेब्रुवारी २०२५

दुसरी आवृत्ती निघते आहे. सुनयनाने दुरुस्त्या मागवल्या. वाचक प्रणितावर लुब्ध आहेत, नायिकेला हात लावू नका म्हणाली. मी फक्त शुद्धलेखनाच्या चुका कळवल्या. मुलीचा घसा आणि माझं पुस्तक यांचा संबंध जोडणं अडाणीपणाचं आहे.

रुक्माबाईंना सांगितलं, नाव बदललं. त्यांनी माझ्यासाठी वरणफळं केली. मी खाल्ली.

२ एप्रिल

दुसरी आवृत्ती बाजारात आली. दुपारी प्रणिता अंगणात कपडे वाळत घालत होती. कपड्यांची सावली पडली होती. दोरीचीही. तिची —

आत आले. कडी लावली.

९ एप्रिल

रुक्माबाईंना कळलं. पुस्तकाच्या दुकानातल्या नव्या प्रतीत कोणीतरी प्रणिताचं नाव दाखवलं. नातीला पोटाशी धरून तिचं नाव घेत बसल्या आहेत. पुन्हा पुन्हा. विसरू नये म्हणून.

११ एप्रिल

भरदुपारी उंबऱ्यावर ओले पाय. फक्त पायच पाहिले. वर बघवलं नाही. दार प्रणिताच्या खोलीचं.

१२ एप्रिल

सुनयनाचा आनंदाने फोन — तिसरी आवृत्ती सोमवारी छपाईला. म्हटलं, छापू नका. म्हणाली, करार आहे. निदान नाव बदला म्हटलं. कुरकुरली, पण तयार झाली. नवं नाव आजच हवं.

कोणतं देऊ? नेहा? कुठेतरी एक नेहा असेल. अमकी? ‘अमकी’ चालणार नाही म्हणते. जे नाव लिहीन ती कुठल्यातरी घरची मुलगी —

सकाळी रुक्माबाईंनी प्रणिताला विचारलं, कोणाची गं तू?

प्रतिभा लिहून पाठवलं. माझं.

२ मे

तिसऱ्या आवृत्तीचं पार्सल आलं. मुखपृष्ठावर लेखिकेची जागा कोरी. सुनयनाला फोन केला. कोण बोलतंय, तिने विचारलं. आवाजही ओळखीचा वाटला नाही तिला —

दुपार

प्रणिताला आवाज नाही. सावली नाही. ते परत मिळालं नाही. पण रुक्माबाई तिला हाक मारत आहेत. पूर्ण नावाने. ऐकू येतंय.

दोघी झाडू घेऊन दारात आल्या. खोली रिकामी समजून. मला पाहून दचकल्या. ‘तुमी कोन, बाई? कोनाकडं आल्या?’

प्रणिता बघते आहे. अनोळखी माणसाकडे बघावं तशी. तिची माफी तरी — आधी सांगायला हवं मी कोण — माझं नाव —

मी